पर्यवेक्षिका क्रमांक सात

"यंत्र चूक करीत नाही. यंत्र पक्षपात करीत नाही. यंत्राला नातेवाईक नसतात. त्यामुळे गेल्या तीन महिन्यांत वजनात तफावत असतानाही ज्या दोनशे सतरा वेळा माल सोडण्यास मंजुरी दिली गेली, ती प्रत्येक वेळी पर्यवेक्षिका क्रमांक सात हिनेच दिली, हे निर्विवाद आहे."

हे निवेदन एका मोठ्या दुकानाच्या कर्मचारी-खोलीत, हात धुण्याच्या भांड्याच्या वर चिकटवलेले होते. तिथून एका नर्सने ते मोबाइलमध्ये टिपून, कागदावर छापून आणले आणि सकाळी साडेआठला, रात्रपाळीचा गणवेश अंगावर तसाच असताना, प्रूफबाईंच्या टेबलावर ठेवले.

प्रूफबाईंनी एकतीस वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासली होती. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी माणसांच्या चुका तपासायला घेतल्या, आणि या दुसऱ्या धंद्यात कामाचा तुटवडा कधी पडला नाही. त्यांचे खरे नाव दारावरच्या पाटीवर होते. गल्लीत ती पाटी कुणी वाचत नसे.

त्यांनी निवेदन मोठ्याने वाचले आणि तांबडी पेन्सिल उचलली.

"पहिलं वाक्य खोटं आहे. दुसरं निरर्थक, कारण दगडही पक्षपात करत नाही आणि त्याला कुणी न्यायाधीश नेमत नाही. तिसरं खरं आहे, पण त्याचा इथे काय संबंध? आणि चौथं वाक्य या तिघांच्या खांद्यावर बसून आलंय. स्वतःच्या पायांनी ते दारातसुद्धा आलं नसतं."

"बाई, भाषेचं राहू द्या," नर्स म्हणाली. "पर्यवेक्षिका क्रमांक सात म्हणजे माझी आई."

खोलीच्या कोपऱ्यात कंपाउंडर चहा गाळत होते. त्यांचे डॉक्टर वारले, दवाखाना गेला, त्या जागी भ्रमणध्वनींचे दुकान आले. 'कंपाउंडर' हे नाव मात्र त्यांना चिकटून राहिले. ते प्रूफबाईंच्या खालच्या खोलीत राहत आणि प्रत्येक तपासात त्यांच्याबरोबर असत. त्यांचा उपयोग काय, असे कुणी विचारले की बाई सांगत, "मला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. फक्त आपल्याला ते दिसलंय, हे त्यांना कळत नाही." कंपाउंडर ही आपली स्तुती समजत.

नर्सने हकिगत सांगितली. तिची आई त्या दुकानात बावीस वर्षे गल्ल्यावर होती. गिऱ्हाईक, नोकर, मालवाहू गाडीचे ड्रायव्हर, सगळेच तिला मावशी म्हणत. दीड वर्षापूर्वी आठ गल्ले बंद झाले आणि सहा यंत्रे आली. गिऱ्हाइकाने वस्तू स्वतः यंत्राला दाखवायची, स्वतः पिशवीत भरायची, स्वतः पैसे भरायचे. पिशवीखाली वजनकाटा असतो. न दाखवलेली वस्तू पिशवीत गेली की वजन जुळत नाही, लाल दिवा लागतो आणि यंत्र अडून बसते. मग पर्यवेक्षिकेने जाऊन पाहायचे, गळ्यातले कार्ड टेकवायचे आणि दिवा हिरवा करायचा.

"सात जणींना घरी पाठवलं. आईला ठेवलं. तिला वाटलं, नशीब काढलं. आता म्हणतात, ती चोरांना सामील आहे. दुधाचे डबे, दाढीची पाती, कॉफी. लाल दिवा लागला की ही हिरवा करून देते म्हणे. उद्या दुपारी तीनला चौकशी आहे. मुख्य कचेरीतून अधिकारी येणार. सिद्ध झालं की पोलीस."

"आई काय म्हणतात?"

"काही नाही. ती गप्प बसते. मी इथे आलेय हे तिला ठाऊक नाही. तिला सांगू नका."

कंपाउंडरांनी चहा पुढे केला. त्यांना वाईट वाटले होते, पण न्यायही महत्त्वाचा होता.

"मला विचाराल तर ती यंत्रं वाईट नाहीत हो," ते म्हणाले. "मी दोन वस्तू घेणारा माणूस. पूर्वी भरलेल्या गाड्यांच्या मागे ताटकळायचो. आणि मूळव्याधीचं मलम गल्ल्यावर ठेवलं की मागची रांग उगीच गप्प व्हायची. यंत्राला काय, मलम नि मध सारखंच. लाल दिवा लागला तरी फिकीर नाही. जरा शांत उभं राहिलं की आपला हिरवा होतो. परवा बुधवारीच झाला. दुसऱ्या यंत्रावर."

प्रूफबाईंची पेन्सिल कागदापासून बोटभर वर थांबली. मग त्यांनी चहा घेतला आणि विचारले, "आरोपाबरोबर यादी दिलीय?"

यादी अकरा पानांची होती. प्रत्येक ओळीत यंत्र, वस्तू, लाल दिवा लागल्याची वेळ, हिरवा झाल्याची वेळ आणि शेवटच्या रकान्यात मंजुरी देणाऱ्याचा क्रमांक. बाईंनी तीन ओळींवर खुणा केल्या. शुक्रवार, यंत्र चार, बाळाच्या दुधाचा डबा: ११:०४:१० ते ११:०५:४०. बुधवार, यंत्र दोन, दाढीची पाती: ४:३१:५२ ते ४:३३:२२. शनिवार, यंत्र सहा, कॉफीची बाटली: ६:१७:०५ ते ६:१८:३५. पुढे प्रत्येक ओळीत सात, सात, सात.

"सुबक आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येई.

*

दुकानाच्या दारावर माणसाच्या उंचीची पाटी होती: "तुमचा वेळ मोलाचा. कोणत्याही यंत्रापाशी नव्वद सेकंदांपेक्षा जास्त खोळंबा नाही. ही आमची हमी." आत डावीकडे जुने आठ गल्ले करड्या कापडाखाली झाकलेले होते, आणि त्यांच्यावर सवलतीतल्या छत्र्या रचल्या होत्या. उजवीकडे यंत्रांची ओळ. ओळीच्या डोक्याशी, पहिल्या यंत्राजवळ, एका उंच स्टुलावर मावशी बसल्या होत्या.

"ज्या बाईवर चोरीचा आळ, तिलाच राखणीला बसवलंय?" कंपाउंडर कुजबुजले.

"दुसरं कुणी उरलंच नाहीये," प्रूफबाई म्हणाल्या.

सहाव्या यंत्राचा दिवा लाल झाला. मावशी स्टुलावरून उतरल्या. उजवा गुडघा वाकत नव्हता. एका हाताने मांडणीचा कठडा धरत, पाय ओढत त्या निघाल्या. प्रूफबाई मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिल्या. सहाव्या यंत्रापाशी एका बापाचे तान्हे मूल वजनकाट्यावर रेलले होते. मावशींनी मुलाला उचलले, कार्ड टेकवले, दिवा हिरवा झाला. त्या परत फिरतात तोवर तिसऱ्यावर लाल, पहिल्यावर लाल. पहिल्या यंत्रापाशी एक म्हातारी हातात पावाची लादी धरून नुसतीच उभी होती.

"अगं मावशी, ही बया माझ्यावर ओरडते," म्हातारी यंत्राकडे बोट दाखवून म्हणाली.

"ती सगळ्यांनाच तसं बोलते, आजी. मनावर घ्यायचं नाही." मावशींनी लादी यंत्राला दाखवली. "सून कशी आहे?"

"बोलत नाही माझ्याशी."

"मग हिच्याशीच बोला," मावशी यंत्राकडे मान करून म्हणाल्या, आणि म्हातारी त्या दिवसातले बहुधा पहिलेच हसली.

दरम्यान तिसऱ्यावरचा दिवा हिरवा झाला होता आणि तिथला माणूस पिशवी उचलून निघून गेला होता. कंपाउंडरांच्या ते लक्षात आले नाही. ते म्हातारीच्या सुनेचा विचार करत होते.

*

व्यवस्थापकाची खोली माळ्यावर होती. तिथल्या काचेतून खालची यंत्रे दिसत आणि माणसांचे फक्त टाळू. व्यवस्थापक चाळिशीचा, नीटनेटका, थकलेला.

"भावनेचा प्रश्न नाही," तो म्हणाला. "रांगा संपल्या. ज्यांना ऐकू येत नाही, बोलायला लाज वाटते, ती माणसं आता बिनधास्त येतात. दुकान दोन तास जास्त उघडं राहतं. एवढं सगळं चांगलं झालंय, आणि एक बाई ते पोखरते."

"आठ माणसांचं काम कुठे गेलं?"

"यंत्रांकडे."

"यंत्र काय करतं? वस्तू शोधून दाखवतं गिऱ्हाईक. पिशवी भरतं गिऱ्हाईक. अडलं की धावते एक बाई. यंत्र फक्त संशय घेतं. तो पूर्वी तुम्हाला पगार देऊन घ्यावा लागायचा."

व्यवस्थापकाने हसण्याचा प्रयत्न केला. "बाई, एक साधी गोष्ट. कार्ड टेकवल्याशिवाय दिवा हिरवा होऊच शकत नाही. कार्ड तिच्या गळ्यात. यापुढे बोलण्यासारखं काय आहे?"

"होऊच शकत नाही?"

"शक्यच नाही."

कंपाउंडरांना काहीतरी बोलावेसे वाटले. काय ते मात्र आठवेना, म्हणून त्यांनी खोकून वेळ मारून नेली.

"तुम्ही इथे किती वर्षं आहात?" प्रूफबाईंनी उठता उठता विचारले.

"सोळा. गल्ल्यावरच लागलो होतो." तो काचेकडे वळला. "तिच्या शेजारच्या."

*

दारावरचा पहारेकरी बोलका होता. दिवसभर त्याच्याशी कुणी बोलत नसे, त्यामुळे त्याच्याजवळ बरेच साठले होते.

"मावशी चोर? मग मी सेनापती. अहो, मला भूक लागलीय हे माझ्या बायकोच्या आधी तिला कळतं."

"गेल्या महिन्यातला दुसरा शुक्रवार आठवतो?" प्रूफबाईंनी यादीतली तारीख दाखवली.

"न आठवायला काय झालं? त्या दिवशी इथे दारातच एक आजोबा कोसळले. साडेदहाला पाच-सात मिनिटं कमी असतील. मावशीच आधी पोचली, पाय ओढत का होईना. डोकं मांडीवर घेऊन बसली. रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागला, तोवर हलली नाही."

"कार्ड?"

"तेच तर. आजोबांनी तिच्या कार्डाची फीत मुठीत धरली ती सोडेचनात. शेवटी मी कात्रीने कापली. कार्ड त्यांच्या मुठीतच गेलं दवाखान्यात. दुपारी त्यांचा मुलगा परत घेऊन आला."

"म्हणजे अकरा ते दुपारपर्यंत कार्ड दुकानातच नव्हतं," कंपाउंडर म्हणाले, आणि स्वतःच्या वाक्याने स्वतःच दचकले. "पण यादीत तर ११ वाजून ४ मिनिटांनी…"

"तुम्ही हे वर सांगितलंत?" प्रूफबाईंनी पहारेकऱ्याला विचारले.

"सांगितलं की. साहेब म्हणाले, तिच्याकडे दुसरं कार्ड असणार." पहारेकऱ्याने खांदे उडवले. "आणि म्हणाले, दाराला पण यंत्र येतंय. तेव्हापासून मी जास्त सांगत नाही."

*

यंत्रांचा तंत्रज्ञ मागच्या बाजूला, मालाच्या खोक्यांमध्ये एक यंत्र उघडून बसला होता. तो दुकानाचा नोकर नव्हता. यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने त्याला आठवड्यातून दोन दिवस पाठवायचे ठरले होते.

प्रूफबाईंनी त्याच्याकडे फक्त एक मागणी केली. मावशींनी दिलेल्या एकूण एक मंजुऱ्यांची नोंद. आळ नसलेल्याही.

त्याने एक कळ दाबली. कागदाची पट्टी बाहेर येऊ लागली, येतच राहिली. प्रूफबाईंनी ती हातावर घेत वाचली. पहिले यंत्र, नऊ सेकंद. पहिले, चौदा. तिसरे, बत्तीस. सहावे, एकोणसाठ. सहावे, त्र्याहत्तर. चौथे, एक्केचाळीस.

"हा कागद लंगडतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आरोपाची यादी वर काढली. "हा लंगडत नाही."

कंपाउंडरांनी दोन्ही कागद निरखून पाहिले. दोन्ही त्यांना सरळच वाटले.

"प्रत्येक ओळीपुढे क्रमांक आहे," बाई तंत्रज्ञाला म्हणाल्या. "एकही रकाना रिकामा कसा नाही?"

"रिकामा चालत नाही. मंजुरीपुढे माणसाचा क्रमांक हवाच, नाहीतर यंत्र पुढची नोंद घेत नाही. तशीच रचना आहे."

"आणि माणूस आलाच नाही तर?"

तंत्रज्ञ हातातल्या स्क्रूकडे पाहत राहिला. "कुणीतरी येतंच."

"तुम्ही कामाची पावती लिहिता ना? काय केलं, कुणाच्या सांगण्यावरून?"

"लिहितो." तो उठला. "पावत्यांची वही त्या खोक्यावर आहे. मी आता जेवायला जातोय. मी काही दाखवलं नाही तुम्हाला."

*

दुसऱ्या दिवशी तीन वाजता माळ्यावरच्या खोलीत चौकशी भरली. मुख्य कचेरीचा अधिकारी मेजाच्या मध्यभागी बसला होता. त्याच्या पुढ्यात एक बंद फाइल होती. व्यवस्थापक काचेजवळ उभा होता. नर्स दाराशी. मावशी नव्हत्या, त्या खाली यंत्रांपाशी होत्या, कारण त्यांच्या जागी बसवायला कुणी नव्हते.

"पाच मिनिटं देतो," अधिकारी प्रूफबाईंना म्हणाला.

"नव्वद सेकंदांपासून सुरुवात करते," त्या म्हणाल्या. "आरोपाच्या यादीतली कोणतीही ओळ घ्या. हिरव्या दिव्याच्या वेळेतून लालची वेळ वजा करा. दुधाचा डबा, नव्वद सेकंद. दाढीची पाती, नव्वद. कॉफी, नव्वद. दोनशे सतरा ओळी मी काल बसून वजा केल्या. एकोणनव्वद एकदाही नाही, एक्क्याण्णव एकदाही नाही."

अधिकाऱ्याने पहिले पान पाहिले, मग तिसरे.

"आता हा दुसरा कागद. मावशींनी खरोखर दिलेल्या मंजुऱ्या. पहिलं यंत्र जवळ, म्हणून नऊ सेकंद. सहावं लांब, म्हणून साठ-सत्तर. कधी वाटेत म्हातारी भेटते, कधी गुडघा अडतो. आकड्यांत चालणारं माणूस दिसतं. तुमच्या यादीत माणूस नाहीच. पहिल्या यंत्रापाशी जायला आणि सहाव्यापाशी जायला जिला नेमका सारखाच वेळ लागतो, ती बाई नव्हे. ते घड्याळ आहे."

"कसलं घड्याळ?" अधिकाऱ्याने विचारले.

"तुमच्याच दारावर लावलेलं. कोणत्याही यंत्रापाशी नव्वद सेकंदांपेक्षा जास्त खोळंबा नाही. अशी हमी सहा यंत्रांसाठी एक माणूस ठेवून पाळता येत नाही. पाळायची तर माणसं वाढवावी लागतील. किंवा मग यंत्राला शिकवावं लागेल, की नव्वद सेकंद वाट पाहा, कुणी आलं नाही तर स्वतःच दिवा हिरवा कर आणि माल जाऊ दे. दुसरा उपाय स्वस्त पडला."

"पण क्रमांक सात?"

"रकाना रिकामा राहू शकत नाही. म्हणून यंत्र स्वतःच्या कृत्यापुढे त्या वेळी कामावर असलेल्या माणसाचा क्रमांक लिहितं. त्या शुक्रवारी मावशींचं कार्ड एका बेशुद्ध माणसाच्या मुठीत, दवाखान्याच्या वाटेवर होतं. तरी ११ वाजून ५ मिनिटं ४० सेकंदांनी क्रमांक सातने मंजुरी दिली. त्याच दुपारपर्यंत आणखी आठ. साहेब म्हणाले, दुसरं कार्ड असणार. कार्डाची गरजच नव्हती." त्यांनी तंत्रज्ञाच्या वहीतल्या पानाचे छायाचित्र मेजावर ठेवले. "तीन महिन्यांपूर्वीची पावती. 'नव्वद सेकंदांनंतर आपोआप मंजुरी सुरू केली.' खाली सांगणाऱ्याची सही. ओळखीची असेल."

व्यवस्थापकाने ते छायाचित्र पाहिलेही नाही.

"मग माल कुणी चोरला?" अधिकारी म्हणाला. "टोळी कोण?"

"टोळी नाही. ही खालची रांग." बाईंनी काचेकडे बोट केले. "काहींना युक्ती कळली, की गप्प उभं राहिलं की सुटतं. पुष्कळांना काहीच कळलं नाही. वस्तू दाखवायची राहिली, दिवा लाल झाला, मग हिरवा झाला. त्यांना वाटलं, सगळं ठीक असेल. बुधवार, ४ वाजून ३१ मिनिटं, यंत्र दोन, दाढीची पाती. कंपाउंडर, तुम्ही त्या वेळी कुठे होता?"

कंपाउंडरांचा हात आपोआप गुळगुळीत हनुवटीकडे गेला. ती पाती त्यांनी आज सकाळीच वापरली होती. वस्तू दाखवली की यंत्र टिंग करते. त्या दिवशी टिंग ऐकल्याचे त्यांना आठवत नव्हते. दिवा हिरवा झालेला आठवत होता, आणि आपण 'वा' म्हटलेले आठवत होते. तो एक 'वा' दुसऱ्याच कुणाच्या तरी क्रमांकावर लिहिला गेला होता.

"मी पैसे आता भरतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "माझं नाव लिहा. तिथे सात खोडा आणि माझं नाव लिहा."

"खोडण्याची सोय नसावी," प्रूफबाई म्हणाल्या. मग त्या व्यवस्थापकाकडे वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. "हमी वरून आली. माणसं मागितली, मिळाली नाहीत. मग सोय सुरू केली आणि माल घटला. वर विचारलं, माल का घटला. हमीमुळे घटला असं लिहिलं असतं तर हमी राहिली असती आणि मी गेलो असतो. रकान्यात आधीच एक क्रमांक लिहिलेला होता. मी फक्त तो वाचून दाखवला."

नर्स दारातून पुढे आली. "ऐकलंत ना?" ती अधिकाऱ्याला म्हणाली. "आता आईला सोडा."

अधिकाऱ्याने आरोपाची यादी नीट जुळवली, कडा सारख्या केल्या.

"तुमचं विवेचन मला पटलं," तो प्रूफबाईंना म्हणाला, आणि तो खरे बोलत होता. "यंत्राची ती सोय मी तपासायला सांगेन. पण ती सोय आमच्या दोनशे दुकानांत सुरू आहे. ती चूक होती असं या खोलीतून मला लिहिता येणार नाही. आणि लिहायची गरजही उरलेली नाही. माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता, की क्रमांक सातचा दोष सिद्ध आहे का. त्याचं उत्तर सकाळीच मिळालं."

त्याने फाइल उघडली. आत एकच कागद होता, रेघांच्या वहीतून फाडलेला.

"कबुलीजबाब कुणी लिहून घेतला हा?" प्रूफबाईंनी विचारले. इतक्या वर्षांत कंपाउंडरांनी त्यांचा आवाज पहिल्यांदाच असा ऐकला.

"ती स्वतः घेऊन आली," व्यवस्थापक म्हणाला. "काल तुम्ही सगळ्यांना विचारत फिरलात. कुणी पाठवलं ते तिला कळायचंच. मी तिला एवढंच म्हणालो, की प्रकरण पोलिसांत गेलं तर घरच्यांचीही चौकशी होईल. मुलीची नर्सची नोंदणीही धोक्यात येईल. लिहून दिलंस तर इथेच मिटेल." त्याने काचेकडे तोंड फिरवले. "खोटं नव्हतं ते."

"मी तुम्हाला बोलावलं नसतं तर…" नर्स म्हणाली.

प्रूफबाईंनी पेन्सिल पिशवीत ठेवली. कागद त्यांनी हातात घेतला नाही. तो नर्सने घेतला, आणि उभ्यानेच वाचला. आधी मनात, मग मोठ्याने, कारण पहिल्या वाचनाने तिची खात्री पटली नसावी:

"मी पर्यवेक्षिका क्रमांक सात लिहून देते की दोनशे सतरा वेळा जो माल गेला तो मीच सोडला. माझ्याबरोबर दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मुलीला यातलं काही माहीत नाही आणि तिने माझ्यासाठी कुणाला सांगितलं असेल तर तो तिचा भोळेपणा आहे, तिला यात ओढू नये. मी माल सोडल्याचं मला आधी आठवत नव्हतं. यंत्राच्या नोंदीत आहे असं साहेबांनी दाखवलं आणि नोंद खरीच दिसत होती. मी बावीस वर्षं गल्ल्यावर बसले आणि माझ्या गल्ल्यात कधी फरक आला नाही, त्यामुळे असं होणार नाही असं मला वाटायचं. म्हणून मी घरी बसून डोळे मिटून एकेका वेळेला त्या त्या यंत्रापाशी जाऊन पाहिलं. पहिल्या दिवशी मी तिथे कुठेच दिसत नव्हते. आता दिसते."